भूदानाच्या आधी भाजीचा वाफा : पवनारचे विनोबा

मुर्री (गोंदिया) : सप्टेंबर लागला की आपल्याकडे हलका धान निसवायला लागतो, भारी धान अजून हिरवागार उभा असतो, आणि घरामागच्या सांदवाडीत दोडका, काकडी, चवळीचे वेल मांडवावर चढलेले दिसतात. म्हणजे दिसायचे. आता मुर्रीसारख्या शहराला लागून असलेल्या गावात सांदवाडीची जागा कमी होत चालली. भाऊ वेगळे झाले की मागच्या जागेत खोल्या चढतात. शेताचे प्लॉट पडतात. मग ज्या घराच्या मागं कधीकाळी वांगी, मिरची, कोचई होती, त्या घरची बाई पिशवी घेऊन गुजरीत जाते आणि सांबाराची जुडीसुद्धा विकत आणते.

११ सप्टेंबर ही आचार्य विनोबा भावे यांची जयंती. शाळेत फोटोला हार घातला जातो, भूदानावर चार शब्द बोलले जातात आणि मुलं घरी जातात. भूदान मोठंच काम होतं. पण त्याच्या आधी याच माणसानं आपल्या विदर्भात, वर्धेजवळच्या पवनारला, एक लहान काम केलं होतं. बाजारातून भाजी आणायची नाही, आपल्या हातानं पिकवायची आणि सगळ्यांनी मिळून खायची, असं ते काम. आज ते आठवण्यासारखं आहे, कारण भूदानाला जमीनदार लागतो. भाजीच्या वाफ्याला तुमचे-आमचे दोन हात पुरतात.

तुळशीला पाणी, मग जेवण

विनोबांचं खरं नाव विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, कोकणातल्या गागोदे गावी. हे गाव आज रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात येतं. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला, त्यामुळे पुढचं शिक्षण बडोद्याला झालं. पण माणसाचा पाया घातला तो आई रुक्मिणीबाईंनी. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. देवभोळ्या, कष्टाळू होत्या.

लहानग्या विन्याला त्यांचा एक नियम होता. जेवायला बसायच्या आधी तुळशीला पाणी घातलं का, ते त्या विचारायच्या. घातलं नसेल तर आधी तुळस, मग पोर. आपण खाण्याआधी झाडाला मिळालं पाहिजे, हा धडा पुस्तकात नव्हता, ताटावर होता.

दुसरी आठवण फणसाची. घरच्या झाडाचा फणस पिकला की पोरांना कधी एकदा खातो असं व्हायचं. आई मात्र गरे काढून द्रोणात भरायची आणि विनायकाला आजूबाजूच्या घरी वाटायला पाठवायची. सगळ्या घरी पोहोचले की मग घरच्यांनी खायचं. पुढे हाच मुलगा गावोगाव फिरून जमीन मागणार होता, पण वाटून खायचं शिक्षण त्या द्रोणांपासूनच सुरू झालं होतं.

विनायक हुशार होता. गणित आवडीचं, वाचन अफाट. पण सर्टिफिकेट घेऊन नोकरी करायची त्याची इच्छा नव्हती. एक दिवस त्यानं आईसमोर चुलीत आपली प्रमाणपत्रं जाळून टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून घरून निघाला, सुरतला गाडीतून उतरला आणि थेट काशीला गेला. परीक्षा राहिली ती कायमची.

पहिली भेट, हातात सुरी

काशीत गांधीजींच्या एका भाषणाची चर्चा त्यांच्या कानावर आली. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी विनायक अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचला. देशाचा एवढा मोठा पुढारी, तर मोठ्या बैठकीत बसलेला असेल असं कुणालाही वाटेल. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी एक सुरी या नव्या मुलाच्याही हाती दिली. विनायकानं तोवर कधी भाजी चिरली नव्हती. त्या दिवशी तो शिकला, आणि बोलणंही तिथंच सुरू झालं.

पुढे विनोबांनी ही गोष्ट अनेकदा सांगितली. गांधीजींकडून मिळालेला पहिला पाठ हाच, असं ते मानायचे. मोठा माणूस आणि लहान काम, असा फरक त्या आश्रमात नव्हता. स्वयंपाक, दळण, विणकाम, संडास सफाई, सगळी कामं सगळ्यांनी करायची. विनायकाचे विनोबा झाले ते या आश्रमात.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्धेला आले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्धेत आश्रम काढायचा होता, आणि गांधीजींनी त्यासाठी विनोबांना पाठवलं. तेव्हापासून हा कोकणातला माणूस विदर्भाचा झाला. आपल्या गोंदियाहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवरच नागपूरच्या पुढं वर्धा लागतं. म्हणजे ही कुठली लांबची गोष्ट नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि त्यातून गीता प्रवचने हे पुस्तक झालं. तुरुंगातून सुटल्यावर ते वर्धेजवळच्या नालवाडीला राहिले. वस्ती बहुतेक दलितांची. तिथं सूत कातून जेवढी मजुरी मिळेल तेवढ्यात आपला खर्च भागवायचा, असा त्यांचा प्रयत्न होता. कातणाऱ्याला दिवसभर कष्ट करून किती मिळतं आणि त्यात पोट भरतं का, हे त्यांना स्वतःच्या पोटावर तपासायचं होतं.

मरणाच्या दारातून कुदळीनं परत आणलं

या प्रयोगांत शरीर खंगलं. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. गांधीजींना काळजी लागली. डॉक्टर, हवापालट, थंड हवेचं ठिकाण अशा सूचना झाल्या. विनोबांनी पवनार निवडलं. वर्धा-नागपूर रस्त्यावर धाम नदीच्या काठी एका टेकाडावर जमनालालजींचा बंगला रिकामा होता. तिथं ते गेले.

आता आजारी माणसानं काय करावं? पडून राहावं. विनोबांनी कुदळ घेतली. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं खणलं. दम लागला की थांबायचं, पुन्हा खणायचं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. असं रोज वाढवत नेलं. मोकळी हवा, साधं जेवण आणि माती. हळूहळू अंगात ताकद आली, काही महिन्यांत वजन भरून निघालं. ज्याला लोक जगेल की नाही म्हणत होते, तो पुढे ४४ वर्षं जगला आणि त्यातली तेरा वर्षं देशभर पायी फिरला.

याच खणण्यात पवनारच्या मातीतून जुनी शिल्पं निघाली. त्यात राम आणि भरत यांच्या भेटीची एक मूर्ती होती. विनोबांना भरताचं चरित्र फार प्रिय. राज्य हातात असून मालकी न सांगणारा भाऊ, तो हाच. मूर्ती आश्रमातच बसवली. जमीन खणताना सापडलेला भरत आणि पुढे जमिनीची मालकी सोडा म्हणून केलेली यात्रा, यांचा संबंध जोडायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण पवनारला गेलेला माणूस ती मूर्ती पाहिल्याशिवाय येत नाही.

ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी देशातला पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं. १७ ऑक्टोबरला पवनारलाच त्यांनी भाषण करून सत्याग्रह केला. त्यानंतर तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग. १९४२ च्या आंदोलनात जवळजवळ तीन वर्षं आत काढली.

सुरगावचा भंगी

१९४६ पासून विनोबांनी जे केलं ते वाचायलाही काही जणांना संकोच वाटेल. पवनारजवळ सुरगाव नावाचं खेडं आहे. रोज सकाळी खांद्यावर फावडं घेऊन ते तिथं पायी जायचे आणि गावाच्या रस्त्यांवर, कडेला पडलेली घाण उचलून तिच्यावर माती टाकून खत करायचे. ऊन असो, पाऊस असो, खाडा नाही. एकदा मधल्या नदीला पूर आला. पलीकडं जाता येईना. तर त्यांनी काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारून निरोप दिला की गावचा भंगी आला होता, पुरामुळे परत जातोय. कामाला आलो ही हजेरी त्यांना लावायची होती. हे काम त्यांनी जवळजवळ दोन वर्षं केलं.

या खताला विनोबा आणि त्यांचे सहकारी सोनखत म्हणायचे. गावाबाहेर उघड्यावर पडलं तर रोगराई, मातीत नीट पुरलं तर सोनं. आज गावात दोन खड्ड्यांची शौचालयं आहेत. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा आणि पहिला वर्षभर तरी तसाच कुजू द्यायचा. मग जे निघतं ते कोरडं, वास नसलेलं खत असतं. पण आपल्याकडं पुष्कळ घरी सेप्टिक टँक करतात आणि खड्ड्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. सुरगावला रोज जाणाऱ्या त्या माणसाचा मुद्दा आजही तिथंच उभा आहे. मातीतून घेतलेलं मातीला परत गेलं नाही, तर वाफा दोन वर्षांत दमतो. मग युरियाची गोणी.

बाजाराची भाजी बंद

गांधीजींच्या हत्येनंतर विनोबा दिल्लीकडे निर्वासितांच्या कामाला गेले. ते काम करून परत पवनारला आले तेव्हा देश स्वतंत्र झाला होता, पण महागाई होती, धान्याची टंचाई होती, रेशन होतं. पैशाची किंमत आज एक, उद्या दुसरी. शेतकऱ्याचा घाम तोच, पण त्याचं मोल बाजार ठरवणार. विनोबांना वाटलं, या पैशाच्या खेळातून निदान अन्न तरी बाहेर काढलं पाहिजे. त्यातून पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. कांचन म्हणजे सोनं, पैसा. त्यापासून सुटका.

आता पैशाशिवाय जगायचं तर सुरुवात कुठून करणार? कापडापासून? ते आधीच कातत-विणत होते. धान्यापासून? त्याला वर्षभर लागतं. त्यांनी सुरुवात केली भाजीपासून. बाजारातून भाजी आणणं बंद. आश्रमाच्या जमिनीत जी पिकेल तीच खायची. भाजीला हंगाम लहान, जागा थोडी, चूक झाली तर महिन्याभरात सुधारता येते. नवशिक्याला शेती शिकायची तर भाजीच बरी.

पाणी विहिरीचं. विहिरीवर रहाट होता, पण तो ओढायला बैल लावायचे नाहीत असं ठरलं. रहाटाला आडवे दांडे बसवले आणि माणसांनी ते ढकलत गोल फिरायचं. विनोबा स्वतः दांड्याला हात लावायचे. बरोबर शिकलेली तरुण पोरं, कुणी कॉलेज सोडून आलेलं, कुणी शहरातून. भजन, श्लोक म्हणत रहाट फिरायचा, पाटातून पाणी वाफ्यांत जायचं. नवी विहीर खणायचं कामही आश्रमातल्यांनी हातानं केलं. कुणी पैशाची मदत देतो म्हटलं तर ती नको, श्रम द्यायला या, असं उत्तर मिळायचं.

नांगराऐवजी कुदळ. या हातशेतीला त्यांनी ऋषिशेती असं नाव दिलं. बैलाची ती ऋषभशेती, आणि यंत्राची ती इंजिनशेती. बैलाच्या शेतीला त्यांचा विरोध नव्हता. पण ज्याच्याकडं बैल नाही, नांगर नाही, जमीन दोन-चार गुंठे आहे, त्यानं काय करायचं, याचं उत्तर त्यांना हवं होतं. आपल्या भागात ज्यांच्या नावावर बांधीचा एक तुकडाही नाही, जे रोवण्याला आणि धान कापणीला दुसऱ्याच्या बांधीत जातात, त्यांच्यासाठी हा प्रश्न आजही खरा आहे. बैलजोडीचा खर्च आणि ट्रॅक्टरचं भाडं त्यांच्या आवाक्यात नाही. कुदळ मात्र घरोघर असते.

हा प्रयोग काही सोपा नव्हता. हातांना फोड यायचे. गव्हाऐवजी ज्वारी खावी लागली. जे पिकलं तेच ताटात, आज अमुक भाजी नको म्हणायची सोय नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. एकट्यानं केलं तर ही शिक्षा वाटते, आठ-दहा जणांनी मिळून केलं तर तो उत्सव होतो. रहाट एकट्याला फिरत नाही. भाजीही एकट्याच्या घराला पुरून उरते. मग वाटली जाते. म्हणजे पुन्हा आईचा फणसच.

पायी निघाले आणि भूदान उभं राहिलं

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबांनी यावं असा आग्रह झाला. पैशाचा व्यवहार सोडलेला, मग रेल्वेच्या तिकिटाचं काय? ते पवनारहून पायीच निघाले. सुमारे तीनशे मैल.

त्याच दिवसांत आपल्याकडं काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि भंडारा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. ३१ मार्च १९५१ रोजी तिथं मालगुजारी संपवणारा कायदा लागू झाला. पिढ्यान्‌पिढ्या गावाचे मालक असलेले मालगुजार गेले, त्यांचे तलाव सरकारजमा झाले. म्हणजे इकडं कायद्यानं जमिनीचं जुनं मालकीचं गणित मोडत होतं आणि तिकडं विनोबा तेलंगणाच्या रस्त्यानं चालत होते, जिथं जमिनीसाठी रक्त सांडत होतं.

संमेलन झाल्यावर ते तेलंगणात फिरले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात चाळीस दलित कुटुंबांनी त्यांना गाठलं. कसायला जमीन मागितली. ऐंशी एकर पुरेल असा त्यांचा हिशोब होता. विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यातून कुणी देईल का. रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदारानं उठून शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं.

त्यानंतरची गोष्ट सर्वांना माहीत आहे. तेरा वर्षं ते चालत राहिले. गावोगाव जाऊन भूमिहीनांसाठी जमिनीचा सहावा हिस्सा मागत राहिले. पाच कोटी एकरांचं लक्ष्य होतं. चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीची दानपत्रं झाली. जगात कुठं कुणी असं मागून एवढी जमीन मिळवली नसेल. १९५८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण पूर्ण सांगायचं तर दुसरी बाजूही सांगावी लागेल. दानात आलेली बरीच जमीन खडकाळ, पडीक किंवा वादातली निघाली. काही ठिकाणी बापानं दिली आणि पोरांनी परत घेतली. कागदावरची जमीन आणि प्रत्यक्ष वाटली गेलेली जमीन यांत मोठं अंतर राहिलं. ज्यांना मिळाली त्यांच्याकडं बी, बैल, पाणी नव्हतं. विनोबांचे विरोधक यावर बोट ठेवतात, आणि त्यात तथ्य आहे. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवरही कडक टीका झाली. मोठ्या माणसाला देव करून ठेवलं की त्याच्या कामातून काही शिकायला मिळत नाही.

विनोबांनाही नुसती जमीन वाटणं अपुरं वाटू लागलं होतं. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावानं सगळी जमीन गावाच्या नावे केली, आणि भूदानातून ग्रामदान निघालं. ग्रामदानात मालकी ग्रामसभेची, कसणं ज्याचं त्याच्याकडं. जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी. पिकाचा चाळिसावा हिस्सा गावाच्या कोशात, अडल्यानडल्यासाठी. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं ग्रामसभेच्या जोरावर जंगलाचा हक्क मिळवला आणि पुढे ग्रामदानाचा रस्ताही धरला, हे आपल्या भागातल्या अनेकांना ठाऊक आहे.

शेवट पवनारलाच

१९५९ साली विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. हा बायकांचा आश्रम. त्या काळात संन्यास, अध्यात्म हे पुरुषांचं क्षेत्र समजलं जायचं. इथं बहिणी सगळं स्वतः चालवणार, निर्णय सर्वांच्या संमतीनं घेणार, आणि शेतातली, स्वयंपाकाची, सफाईची कामंही स्वतः करणार, अशी रीत पडली. एप्रिल १९६४ मध्ये पदयात्रा करून विनोबा पवनारला परतले आणि पुढची बहुतेक वर्षं तिथंच राहिले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजार वाढला. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पवनारला त्यांनी देह ठेवला. धाम नदीच्या काठीच अंत्यसंस्कार झाले. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झालं.

मुर्रीत याचं काय करायचं?

आता कुणी म्हणेल, आपल्याला काही आश्रम काढायचा नाही, पैसा सोडायचा नाही. खरं आहे. पैशाशिवाय मोबाइलचा रिचार्जही होत नाही. पण विनोबांनी पैशातून सुटायला भाजीपासून सुरुवात का केली, एवढं तरी घेता येईल.

साधा हिशोब करू. आहारतज्ज्ञ माणशी रोज किमान ३०० ग्रॅम भाजी खा म्हणतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो. महिन्याला पंचेचाळीस किलो. गुजरीत आजचा भाव काय आहे ते तुम्हीच बघा आणि गुणाकार करा. मजुरीवर जगणाऱ्या घराला हा आकडा परवडत नाही. मग भाजी म्हणजे भात खाली जाण्यापुरती थोडी, आलू आणि रस्सा. भाताच्या कोठारात राहून लेकराबाळांच्या ताटात हिरवं नसतं, ही खरी गोष्ट आहे.

जागा नाही, ही अडचणही खरी आहे. इथं विनोबांचा विसावा हिस्सा आठवा. एका एकराचा विसावा भाग म्हणजे दोन गुंठे, सुमारे २,१७८ चौरस फूट. तेवढ्यात वांगी, भेदरं, मिरची, पालक, मेथी, मुळा, सांबार आणि कडेनं वेलभाज्या असा मळा होतो. शहराजवळच्या गावांत कितीतरी प्लॉट वर्षानुवर्षं रिकामे पडून असतात. तिथं गाजरगवत वाढतं, कचरा पडतो. प्लॉटवाल्यानं मालकी सोडायची गरज नाही. फक्त एक हिवाळा, कार्तिक ते फाल्गुन, शेजारच्या चार भूमिहीन घरांना भाजी लावू द्यायची. लिहून घ्या पाहिजे तर. घर बांधायचं ठरलं की जागा मोकळी. बदल्यात प्लॉट साफ राहील आणि आठवड्याला ताजी भाजी दारात येईल. बचत गटाच्या बायका, शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, ज्यांच्याकडं जागा आणि पाणी आहे ते मिळून असाच वाफा करू शकतात. उमेद अभियानात पोषण परसबागेचं काम होतं, शाळांतही परसबागा होतात. नवीन योजनेची वाट पाहायची गरज नाही.

आणि ज्याच्याकडं तेवढीही जागा नाही? मोरीचं सांडपाणी जिथं जातं तिथं कोचई आणि केळ येते. कुडावर सेमीचा वेल चढतो. कवेलूवर दुधी आणि कोहळा पसरतो. प्रत्येक वेलावर एक चांगलं फळ बियाला ठेवा आणि ते बी शेजारी द्या. पुढच्या वर्षी आपलं गेलं तरी शेजाऱ्याकडं असतं.

पाऊस ओसरला की वाफे करायचे दिवस येतील. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं खणा. ८८ पौंडांच्या माणसानं तेवढ्यापासूनच सुरुवात केली होती. आणि पहिली भाजी निघाली की घरात शिजवण्याआधी थोडी शेजारी द्यायला पोराला पाठवा. विनोबांची जयंती तेवढ्यानं साजरी होईल.